शब्दांच्या मुळाशीं : डॉ. सॅम्युएल जॉन्सन

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास शब्दांची जितकी भीति वाटते तितकी व्याकरणाचीहि वाटत नाहीं. व्याकरणाचे नियम कितीहि झाले तरी मोजके असतात. शब्दांना मात्र अंत दिसत नाहीं. आज वहींत वीस शब्द अर्थांसह उतरून पाठ करावे आणि आठ दिवसांनीं पाहावें तों त्यांतील बारा विसरलेले, असा अनुभव बहुतेकांस आहे. ह्यावर जाणत्यांनीं सांगितलेला उपाय असा कीं, शब्द सुटे पाठ न करितां त्यांच्या मुळांचा शोध घ्यावा. विद्या, न्याय, राज्यकारभार व शास्त्रें ह्यांविषयींचे पुष्कळसे इंग्रजी शब्द लॅटिन भाषेंतून, कांहीं सरळ व कांहीं फ्रेंच भाषेच्या द्वारें, आलेले आहेत. एक लॅटिन धातु ओळखीचा झाला म्हणजे त्याच्या कुळांतले अनेक इंग्रजी शब्द आपण होऊन ओळख देऊं लागतात.

उदाहरणार्थ, लॅटिनमध्यें ‘पोर्टारे’ म्हणजे वाहून नेणें. त्यावरून ‘पोर्टर’ म्हणजे ओझें वाहणारा, ‘इम्पोर्ट’ म्हणजे आंत आणणें, ‘एक्स्पोर्ट’ म्हणजे बाहेर नेणें, ‘ट्रान्स्पोर्ट’ म्हणजे पलीकडे नेणें. ‘रिपोर्ट’ म्हणजे परत आणलेली वार्ता, आणि ‘सपोर्ट’ म्हणजे खालून उचलून धरणें. आमच्या वाचकांस ही रीति परकी वाटूं नये. संस्कृतांतील ‘हृ’ ह्या धातूचाहि अर्थ नेणें असाच आहे, आणि त्यास निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द झाले आहेत. लॅटिन शब्दांची ठेवण ह्याच तऱ्हेची आहे.

ह्या दृष्टीनें सबंध इंग्रजी भाषा ज्यांनीं एकदां चाळून पाहिली, एकेका शब्दाचें मूळ आणि त्याचा पुढील संसार ज्यांनीं एका ग्रंथांत मांडला, त्या डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों. शब्द हे त्यांचें भांडवल होतें. दुसरें कसलेंहि भांडवल दैवानें त्यांस दिलें नव्हतें.

जॉन्सन यांचा जन्म १८ सप्टेंबर १७०९ रोजीं इंग्लंडांतील स्टॅफर्डशायर परगण्यांत लिचफील्ड ह्या गांवीं झाला. वडील मायकेल जॉन्सन हे पुस्तकविक्रेते होते. दुकान पुस्तकांनीं भरलेलें, पण गल्ला बहुधा रिकामा, अशी घरची स्थिति होती. मूल जन्मापासून अशक्त. लहानपणींच त्यास गंडमाळा झाली. तिचे व्रण कायम राहिले, एका डोळ्याची दृष्टि जवळजवळ गेली व कानांसहि कमी ऐकूं येऊं लागलें. राजाच्या हस्तस्पर्शानें हा रोग बरा होतो अशी त्या काळीं समजूत होती. म्हणून १७१२ सालीं आईनें त्यास लंडनला नेऊन ॲन राणीकडून स्पर्श करविला. रोग कांहीं गेला नाहीं. पुढें जन्मभर त्या प्रचंड देहाला चमत्कारिक झटके येत, आणि अनोळखी मनुष्य प्रथम पाहतांच बिचके.

लिचफील्डच्या ग्रामर स्कूलमध्यें सॅम्युएल लॅटिन शिकूं लागला. त्या काळच्या अशा शाळांत लॅटिन हाच मुख्य विषय असे. तेथील हंटर नांवाचे गुरुजी विद्येनें मोठे, पण छडीनें त्याहूनहि मोठे होते. आपणांस लॅटिन इतकें पक्कें येतें तें त्या छडीच्या कृपेनें, असें जॉन्सन पुढें सांगत असत. छडीचा कैवार घेण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु रूपावली व धातुपाठ ज्यांस नीरस वाटतात त्यांनीं इतकें ध्यानांत ठेवावें कीं, ह्या मनुष्याच्या पुढील सर्व कीर्तीचा पाया त्याच नीरस पाठांतरावर घातला गेला.

शाळेपेक्षांहि अधिक शिक्षण त्यास वडिलांच्या दुकानांत मिळालें. एकदां भावानें वरच्या फळीवर एका जाड ग्रंथामागें सफरचंदें लपविलीं असावींत असा संशय येऊन तो फळीवर चढला. सफरचंदें मिळालीं नाहींत. पण हाताला लागलेला ग्रंथ पेट्रार्क ह्या इटालियन पंडिताचा होता. त्याचें नांव सॅम्युएलनें कोठें तरी वाचलें होतें. तो तेथेंच बसला आणि वाचूं लागला. भूक सफरचंदांची होती, ती अशी भलत्याच अन्नावर भागली. पुस्तक आरंभापासून शेवटापर्यंत क्रमानें वाचण्याची शिस्त त्यास कधींच नव्हती. परंतु जें वाचावें त्याचा गाभा चटकन् उचलावा, ही शक्ति त्याच्या ठायीं अलौकिक होती.

१७२८ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत तो ऑक्सफर्ड येथील पेम्ब्रोक कॉलेजांत दाखल झाला. तेथें त्यानें पोप ह्या इंग्रज कवीच्या एका काव्याचें लॅटिन पद्यांत भाषांतर केलें व तें पाहून कॉलेजांतील मंडळी चकित झाली. परंतु विद्वत्तेनें पोट भरत नाहीं. त्याचे जोडे इतके फाटले कीं त्यांतून पायांचीं बोटें दिसूं लागलीं. कोणा दयाळू मनुष्यानें रात्रीं नव्या जोड्यांचा जोड त्याच्या दाराशीं गुपचुप ठेवला. सकाळीं तो दिसतांच सॅम्युएलनें संतापानें भिरकावून दिला. ह्यांत गर्व किती आणि स्वाभिमान किती ह्याचा निर्णय वाचकांनींच करावा; पण विद्येसाठीं आलेल्या मुलाकडे भिकारी म्हणून पाहिलें जावें, हें त्यास सहन झालें नाहीं, इतकें खरें. अखेर सुमारें तेरा महिन्यांनीं, १७२९ च्या डिसेंबरांत, पैशांच्या अभावीं त्यास पदवीवांचून ऑक्सफर्ड सोडावें लागलें.

पुढील वर्षें अत्यंत हालाखीचीं गेलीं. १७३१ सालीं वडील वारले आणि वांट्यास सुमारें वीस पौंड आले. पदवी नसल्यामुळें चांगल्या शाळांचीं दारें बंद होतीं. कांहीं काळ मार्केट बॉस्वर्थ येथें दुय्यम शिक्षकाची चाकरी केली, ती जिवावर येऊन सोडली. १७३५ सालीं त्यांनीं एलिझाबेथ पोर्टर नांवाच्या, आपल्याहून वीस वर्षांनीं वडील असलेल्या विधवेशीं विवाह केला. आणि तिच्या पैशावर लिचफील्डजवळ ईडियल येथें स्वतःची शाळा काढली. विद्यार्थी आले ते बोटांवर मोजण्याइतके. त्यांपैकीं एक डेव्हिड गॅरिक, जो पुढें इंग्लंडांतील श्रेष्ठ नट म्हणून गाजला. शाळा बुडाली, आणि १७३७ च्या मार्च महिन्यांत गुरु व शिष्य दोघेहि नशीब काढण्यास लंडनच्या वाटेला लागले.

लंडनमध्यें जॉन्सन यांनीं मासिकांसाठीं लेख, भाषांतरें, चरित्रें, पार्लमेंटांतील वादविवादांचे वृत्तान्त, मिळेल तें लिहिलें. अशा रीतीनें नऊ वर्षें काढल्यावर १७४६ सालच्या जून महिन्यांत लंडनमधील कांहीं पुस्तकविक्रेत्यांशीं त्यांचा करार झाला. इंग्रजी भाषेचा एक मोठा कोश त्यांनीं रचावा व त्याबद्दल १,५०० गिनी घ्याव्या, असें ठरलें. मदतनिसांचा पगार ह्याच रकमेंतून द्यावयाचा होता. फ्रान्समध्यें असें काम १६३५ सालीं स्थापन झालेल्या, चाळीस पंडितांच्या सभेकडे होतें, आणि तिचा कोश १६९४ मध्यें बाहेर पडला. जॉन्सन यांनीं एकट्यानें तीन वर्षांत काम पुरें करण्याचा बेत केला. हा अंदाज चुकला. नऊ वर्षें लागलीं. तरी एकट्या मनुष्याच्या मानानें हा वेगहि थक्क करणाराच म्हटला पाहिजे.

फ्लीट स्ट्रीटजवळ गॉफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर हें काम चाले. मदतीस सहा लेखनिक होते. त्यांपैकीं पांच स्कॉटलंडचे. अशा लेखनिकास इंग्रजींत ‘अमॅन्युएन्सिस’ म्हणतात. शब्द भीतिदायक दिसतो. पण ‘मॅनुस’ म्हणजे हात एवढें लॅटिन ज्यास येतें त्यास तो हाताशीं असलेला सेवक असा सरळ उलगडतो. त्याच हातानें ‘मॅन्युस्क्रिप्ट’ म्हणजे हस्तलिखित लिहिलें, आणि त्याच हातापासून ‘मॅन्युअल’ म्हणजे हातचें काम हा शब्द निघाला. खुद्द ‘डिक्शनरी’ हा शब्दहि ‘डिकेरे’ म्हणजे बोलणें ह्या लॅटिन धातूच्या कुळांतला. ‘डिक्टेट’ म्हणजे बोलून लिहविणें, ‘प्रेडिक्ट’ म्हणजे आधीं बोलून ठेवणें, ‘कॉन्ट्रॅडिक्ट’ म्हणजे उलट बोलणें, हीं सर्व त्याच घरचीं भावंडें होत.

जॉन्सन यांची कार्यपद्धति विद्यार्थ्यांनीं मुद्दाम पाहण्यासारखी आहे. बेली यांचा कोश त्यांच्यापुढें होता, पण केवळ जुन्या कोशांवरून नवा कोश उतरण्याचें त्यांनीं नाकारलें. ते उत्तम इंग्रजी लेखकांचे ग्रंथ घेत आणि वाचतां वाचतां ज्या वाक्यांत एखाद्या शब्दाचा अर्थ स्पष्ट झाला असेल त्या वाक्याखालीं पेन्सिलीनें रेघ ओढून समासांत शब्दाचें आद्याक्षर लिहीत. मग लेखनिक तें वाक्य कागदाच्या चिठ्ठीवर उतरून घेत. उसनें आणलेलें पुस्तक परत जाई तें अशा खुणांनीं भरून, त्यामुळें पुस्तकांचे मालक त्यांना भीत असत. आरंभीं कांहीं मजकूर कागदाच्या दोन्ही बाजूंस लिहिला गेला, तो छापखान्यास निरुपयोगी ठरून पुन्हा एका बाजूस उतरावा लागला. वीस पौंड त्यांत गेले.

कोशांत प्रत्येक शब्दापुढें प्रथम त्याचें मूळ, मग अर्थ, आणि अर्थाच्या पुष्ट्यर्थ थोर लेखकांचीं वाक्यें दिलीं आहेत. अर्थ देतांनाहि त्यांनीं क्रम ठेवला: मुळाला जवळचा अर्थ आधीं, त्यापासून निघालेले अर्थ मागाहून. ‘अराइव्ह’ ह्या शब्दाचेंच पाहा. ‘रिपा’ म्हणजे लॅटिनमध्यें नदीचा कांठ. त्यावरून फ्रेंचांच्या द्वारें आलेल्या ह्या शब्दाचा पहिला अर्थ जलप्रवास करून किनाऱ्यास लागणें. नंतर कोणत्याहि मार्गानें कोठेंहि पोहोंचणें. नंतर इच्छिलेली गोष्ट प्राप्त होणें. नाव किनाऱ्यास लागली हें चित्र एकदां डोळ्यांपुढें आलें कीं हे तीनहि अर्थ एका माळेंत ओवले जातात, आणि ती माळ मग सहसा तुटत नाहीं.

परंतु मूळ म्हणजे सर्वस्व नव्हे, हें जॉन्सन यांच्याइतकें कोणास कळलें असेल? ‘मॅन्युफॅक्चर’ शब्दाच्या मुळांत हातानें केलेलें असा अर्थ आहे, आणि आज तोच शब्द आपण यंत्रानें केलेल्या मालास लावतों. मूळ शब्दाचा जन्म सांगतें. शब्द मोठेपणीं काय झाला हें वापरावरून समजतें. म्हणूनच जॉन्सन यांनीं लाखाहून अधिक वाक्यें गोळा केलीं. आरंभीं त्यांस वाटत होतें कीं कोश झाला म्हणजे भाषेचे बदल थांबवितां येतील. काम संपतांना त्यांनीं प्रस्तावनेंत मोकळेपणानें कबूल केलें कीं जिवंत भाषेला कोणीहि बांधून ठेवूं शकत नाहीं.

ह्या कामावर असतांना त्यांच्यावर जे प्रसंग आले त्यांत दोन मोठे होते. पहिला लॉर्ड चेस्टरफील्ड यांचा. १७४७ सालीं जॉन्सन यांनीं कोशाची योजना छापली ती ह्या सरदारास उद्देशून. त्या काळीं ग्रंथकारास ‘पेट्रन’ म्हणजे आश्रयदाता लागे. हा शब्द ‘पॅटर’ म्हणजे पिता ह्यापासून झालेला आहे. चेस्टरफील्ड यांनीं दहा पौंड दिले, आणि पुढें वर्षानुवर्षें ढुंकूनहि पाहिलें नाहीं. कोश पुरा होत आल्याची वार्ता फुटतांच मात्र त्यांनीं १७५४ च्या अखेरीस एका पत्रांत कोशाची स्तुति करणारे दोन लेख लिहिले. तेव्हां फेब्रुवारी १७५५ मध्यें जॉन्सन यांनीं त्यांस पत्र धाडून कळविलें कीं, गरज होती तेव्हां न मिळालेली मदत आतां नको. भाषा अत्यंत सभ्य, आणि घाव अत्यंत खोल. पित्याचें नांव धारण करणारा आश्रयदाता पित्यासारखा वागला नाहीं, तर त्या शब्दाचा अर्थ बदलतो. कोशांत ‘पेट्रन’ शब्दापुढें जॉन्सन यांनीं जो कडवट शेरा लिहिला त्यांत तो बदललेला अर्थ कायमचा नोंदला गेला आहे.

दुसरा प्रसंग अधिक दुःखाचा. १७५२ च्या मार्च महिन्यांत त्यांची पत्नी वारली. ज्या मनुष्यास आपल्या श्रमांचें फळ दाखवावें असें वाटत होतें, तेंच मनुष्य राहिलें नाहीं. पुढील तीन वर्षें त्यांनीं ह्या शोकांतच काम रेटलें. १५ एप्रिल १७५५ रोजीं दोन अवजड खंडांत कोश प्रसिद्ध झाला. शब्द ४२,०००हून अधिक, किंमत साडेचार पौंड. ज्या ऑक्सफर्डनें त्यांस पदवीवांचून जातांना पाहिलें, त्याच ऑक्सफर्डनें कोशावर छापण्यासाठीं त्यांस एम्. ए. ची पदवी दिली.

ह्या ग्रंथांतील दोष सांगितले नाहींत तर आमचें लिखाण एकांगी होईल. लॅटिन मुळांत जॉन्सन निष्णात. पण इंग्रजीचा जो मूळ जर्मन वंशाचा भाग आहे त्याची व्युत्पत्ति देतांना त्यांस जूनियस व स्किनर ह्या पूर्वीच्या पंडितांवर विसंबावें लागलें, आणि पुढील काळांतील संशोधनानें त्यांतील पुष्कळ व्युत्पत्ति टाकाऊ ठरविल्या. दुसरा दोष अतिरेकाचा. जाळें, खोकला असल्या साध्या शब्दांचे अर्थ त्यांनीं इतक्या जड लॅटिन शब्दांत दिले आहेत कीं अर्थ समजण्यास दुसरा कोश घ्यावा. लॅटिन मुळांची गोडी लागलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यानें हा धडा घ्यावा. मोठे शब्द समजण्यासाठीं मुळें शिकावीं. साध्या गोष्टी मोठ्या शब्दांत सांगण्यासाठीं नव्हे. तिसरी गोष्ट मात्र दोषांतून गुण दाखविणारी. घोड्याच्या पायाच्या एका भागाचा अर्थ कोशांत चुकला होता. एका बाईनें त्याचें कारण विचारतां त्यांनीं निव्वळ अज्ञान असें उत्तर दिलें. कोशकार ह्या शब्दाची व्याख्या देतांना तर त्यांनीं स्वतःच्याच धंद्याची थट्टा केली आहे.

कीर्ति झाली, पण दारिद्र्य गेलें नाहीं. कराराची रक्कम कामांतच संपली होती. कोश निघून एक वर्षहि झालें नाहीं तों, मार्च १७५६ मध्यें, सहा पौंडांहूनहि कमी कर्जापायीं त्यांस अटक झाली. रिचर्डसन ह्या कादंबरीकारानें पैसे पाठविले म्हणून सुटका. १७५९ च्या जानेवारींत आई वारली. तिच्या उत्तरक्रियेचा व इतर देण्याचा खर्च भागविण्यासाठीं त्यांनीं एका आठवड्याच्या सायंकाळीं बसून ‘रासेलस’ ही कथा लिहिली. महाराष्ट्रास जॉन्सन यांची ओळख झाली ती मुख्यतः ह्या कथेमुळें. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं तिचें मराठी भाषांतर हातीं घेतलें व त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनीं तें पुरें केलें. पुढें विष्णुशास्त्र्यांनीं आपल्या ‘निबंधमाले’त डॉ. जॉन्सन यांच्यावर विस्तृत निबंध लिहिला. भाषेच्या अभिमानानें लेखणी धरणाऱ्या त्या तरुणास लंडनच्या माळ्यावरील ह्या कोशकाराविषयीं आपलेपणा वाटावा, ह्यांत नवल नाहीं.

१७६२ सालीं तिसऱ्या जॉर्ज राजाच्या सरकारनें जॉन्सन यांस सालिना ३०० पौंड ‘पेन्शन’ देऊं केलें. ह्या शब्दाचें मूळ ‘पेंडेरे’ म्हणजे तोलणें. पूर्वीं नाणें तोलून देत, त्यावरून देणें असा अर्थ झाला. अडचण अशी कीं, जॉन्सन यांनीं आपल्या कोशांत पेन्शन घेणाऱ्यांवर फार बोचरा शेरा लिहून ठेवला होता. आतां स्वतः तेंच घ्यावें कीं काय, हें त्यांनीं खरोखरच तोलून पाहिलें. मित्रांचा सल्ला घेतला. ही रक्कम झालेल्या कामाबद्दल आहे, पुढें कांहीं करवून घेण्यासाठीं नाहीं, असें लॉर्ड ब्यूट यांनीं आश्वासन दिल्यावरच ती स्वीकारली. विरोधकांनीं व्हावयाची ती थट्टा केली. आमच्या मतें, फाटक्या जोड्यांच्या दिवसांत दान झुगारून देणाऱ्या मनुष्यानें त्रेपन्नाव्या वर्षीं श्रमाचें मोल घेण्यास संकोच करावयास नको होता.

ह्यानंतरचे त्यांचे दिवस स्वस्थतेचे गेले. १७६३ सालीं बॉस्वेल ह्या तरुणाशीं त्यांची गांठ पडली, आणि त्यानें पुढें लिहिलेल्या चरित्रानें ते घरोघर माहीत झाले. १७६४ मध्यें चित्रकार रेनॉल्ड्स यांच्या सूचनेवरून एक मित्रमंडळ निघालें. बर्क, गोल्डस्मिथ इत्यादि त्यांत होते. १७७३ सालीं ह्या मंडळांत विल्यम जोन्स नांवाचे एक तरुण पंडित आले. ते पुढें न्यायाधीश होऊन कलकत्त्यास गेले व तेथें संस्कृत शिकले. जॉन्सन यांच्या मृत्यूनंतर सव्वा वर्षानें, २ फेब्रुवारी १७८६ रोजीं, जोन्स यांनीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटींत असें प्रतिपादन केलें कीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्या. जॉन्सन यांच्या व्युत्पत्तींत जी उणीव होती ती भरून काढणाऱ्या शास्त्रास ह्या विचारानें मोठी चालना मिळाली.

आमच्या विद्यार्थ्यांस ह्यांत मोठा लाभ आहे. लॅटिन ‘पॅटर’ म्हणजे आपला पितृ, ‘माटर’ म्हणजे मातृ, ‘फ्राटर’ म्हणजे भ्रातृ, ‘नोमेन’ म्हणजे नाम, ‘सेप्टेम’ म्हणजे सप्त. आणि दांताला लॅटिनमध्यें ‘डेंट’ व पायाला ‘पेड’ हें मूळ आहे, तीं तर दंत व पाद यांचीं सख्खीं भावंडें. मग ‘मॅटर्नल’, ‘फ्रॅटर्निटी’, ‘नॉमिनेट’, ‘डेंटिस्ट’, ‘पेडल’ हे इंग्रजी शब्द परके कसे म्हणावे? मात्र सावधगिरीहि हवी. ‘पेडॅगॉजी’ म्हणजे अध्यापनशास्त्र, ह्यांतील ‘पेड’ लॅटिन पाय नव्हे, तें ग्रीक मूल आहे. ध्वनि जुळला म्हणून कूळ जुळतेंच असें नाहीं. संशय येतांच कोश उघडावा.

लॅटिननें जॉन्सन यांची शेवटपर्यंत सोबत केली. १७७२ सालीं कोशाची चौथी आवृत्ति तपासून संपल्यावर मनास आलेली उदासीनता त्यांनीं लॅटिन कवितेंत मांडली. १७७५ सालीं फ्रान्समध्यें गेले असतां ते तेथील पंडितांशीं लॅटिनमध्यें बोलत. गोल्डस्मिथ यांच्या स्मारकावरील लेख इंग्रजींत असावा अशी मित्रांनीं सह्या करून विनंति केली, तीहि त्यांनीं मानली नाहीं. १७ जून १७८३ च्या पहांटे त्यांस अर्धांगाचा झटका येऊन वाचा बंद पडली. आपली बुद्धि तर गेली नाहीं ना, ही भीति त्या अंधारांत त्यांस वाटली. तेव्हां त्यांनीं ती शाबूत राहावी म्हणून देवाची प्रार्थना केली, ती मनांतल्या मनांत लॅटिन पद्यांत रचून. पद्यें फारशीं चांगलीं साधलीं नाहींत. आणि तीं चांगलीं नाहींत हें आपणांस कळतें आहे, ह्यावरूनच बुद्धि जागेवर असल्याचा त्यांनीं निर्वाळा घेतला. लहानपणीं छडीखालीं घोकलेली ती भाषा अशा रीतीनें अखेरच्या संकटांत त्यांच्या कामास आली.

१३ डिसेंबर १७८४ रोजीं, वयाच्या ७५ व्या वर्षीं, त्यांनीं देह ठेवला. वेस्टमिन्स्टर ॲबींत त्यांचें दफन झालें. जमैकांत गुलामगिरींत जन्मलेल्या फ्रॅन्सिस बार्बर ह्या सेवकास त्यांनीं आपल्या घरीं वाढविलें होतें, शाळेंत घातलें होतें. त्याच्यासाठीं त्यांनीं मृत्युपत्रांत सालिना ७० पौंडांची तजवीज केली. स्वतः गरिबीमुळें विद्यालय सोडावें लागलेल्या मनुष्यानें दुसऱ्याच्या शिक्षणाची चिंता वाहिली, हें कोशाहून कमी महत्त्वाचें नाहीं.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, जॉन्सन यांच्याइतकी स्मृति आपणां सर्वांस लाभणार नाहीं. परंतु त्यांची रीति उचलतां येण्यासारखी आहे. अडलेला शब्द दिसला कीं त्याचे उपसर्ग व मूळ वेगळें करून पाहावें. त्याच मुळाचे आणखी तीन-चार शब्द शेजारीं लिहावे. आणि जेथें तो शब्द चांगला वापरलेला आढळेल तें वाक्य वहींत उतरून घ्यावें, कारण वाक्यावांचून शब्द म्हणजे पत्त्यावांचूनचा मनुष्य. रोज दोन मुळें घेतलीं तरी वर्षाअखेर सातशेंहून अधिक होतील, आणि प्रत्येकामागें चारच शब्द धरले तरी संख्या तीन हजारांपाशीं जाते. ह्यास नवें पुस्तक नको, पैसा नको. एक वही व जुना कोश पुरे. जॉन्सन यांच्याजवळ तरी आरंभीं याहून अधिक काय होतें?